मोबाईलमधला गणपती आणि बाबांची चिकण माती

ताई, नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली, वय 26. आर्किटेक्चर करून दोन वर्षं पर्वरीतल्या एका ऑफिसात नोकरी करते. काम मुख्यतः थ्रीडी व्ह्यू, म्हणजे न बांधलेल्या घरांची कॉम्प्युटरवरची चित्रं, काढण्याचं. घरी बाबांची गणपतीची चित्रशाळा आहे, आजोबांपासूनची. पूर्वी बाबा जत्रेतल्या नाटकांचे पडदेही रंगवायचे, ते आता बंद झालं.

यंदा तीन गिऱ्हाईकं पाटाबरोबर मोबाईल घेऊन आली. एआयकडून काढून घेतलेलं चित्र दाखवायचं आणि म्हणायचं, "अगदी असाच हवा." पिळदार दंड, पोटावर सहा घड्या, मागे आकाशगंगा. बाबा म्हणाले, "हो गणपती न्हय, पैलवान." एकाने विसार परत नेला. बाबांना मदत व्हावी म्हणून मी रात्री जागून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक मूर्ती केली. एका मित्राकडे थ्रीडी प्रिंटर आहे. तो म्हणाला, प्रिंट काढून साचा करू, एका साच्यातून शंभर निघतील. मी बाबांना मूर्ती लॅपटॉपवर फिरवून दाखवली आणि हेही सांगितलं. ते काही न बोलता उठले आणि माती मळायला गेले. आठ दिवस झाले, कामापुरतंच बोलतात.

ऑफिसातही मन लागत नाही. बाहेरच्या लोकांसाठी 'पोर्तुगीज व्हिला' काढायच्या. तीच कमान, तोच पिवळा रंग, फक्त प्लॉट बदलतो. आपण लोकांना फसवतोय असं वाटतं. नोकरी सोडू? की चित्रशाळेचा नाद सोडू? दहा वर्षांनी आमच्यासारख्यांचं काही उरेल का?

— एक वाचक

*

आधी त्या गणपतीच्या दातांबद्दल बोलू.

पत्रासोबत तू ते चित्र पाठवलंस, बरं केलंस. चष्मा लावून नीट पाहिलं. एकदंताचे दोन्ही सुळे शाबूत आहेत. मोदक धरलेल्या हाताला बोटं सहा. उंदीर खारीच्या वळणावर गेलाय. प्रभावळीवर देवनागरीसारखी दिसणारी जी अक्षरं आहेत ती जगातल्या कुठल्याच लिपीतली नाहीत. आणि एवढं सगळं असूनही चित्र देखणं आहे, हे मला कबूल करावं लागलं.

दात का मोडला, ती गोष्ट त्या यंत्राला ठाऊक असली तरी चित्र काढताना आठवत नाही. त्याला कोट्यवधी चित्रं दाखवलेली असतात आणि त्यांत जे पुन्हा पुन्हा दिसलं तिकडे त्याचा हात वळतो. हत्तीला दोन सुळे, हे पक्कं. मग सिनेमाच्या पोस्टरवरचे दंड, वॉलपेपरवरचे देव, व्हिडिओ गेममधले योद्धे, सगळ्यांची मिसळ, आणि वर तर्री म्हणून आकाशगंगा.

गिऱ्हाईकावर मात्र रागावू नका. पूर्वी हीच मंडळी कॅलेंडरचं पान घडी करून खिशातून आणायची, नाहीतर "गेल्या चवथीला मामाकडे पाहिला तसा" म्हणायची. चित्र आणण्याची रीत जुनीच आहे. 'नाही' म्हणण्याआधी बाबांनी एकदा विचारून बघावं, "यातलं तुला काय आवडलं रे?" मी घरांचे आराखडे काढण्यात आयुष्य घालवलं. चित्र घेऊन येणाऱ्या माणसाला अख्खं चित्र क्वचितच हवं असतं. कुणाला पितांबराचा रंग भावलेला असतो, कुणाला बसण्याची ढब, कुणाला फेटा. पोटावरच्या घड्यांवरच अडून बसणारे थोडे. त्यांचा विसार परत गेला तर जाऊ दे.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. "पूर्वी बाबा जत्रेतल्या नाटकांचे पडदेही रंगवायचे, ते आता बंद झालं." एवढं लिहून तू पुढे गेलीस. मी तिथेच अडले.

मी फोंड्याकडची. लहानपणी आम्ही जत्रेच्या नाटकाला जायचो ते अर्धे पडदे बघायला. महालाचा, रस्त्याचा, जंगलाचा, देवळाचा. कापडावर खळ चढवून वर सरसात कालवलेले रंग. समोर बसलात तर महालाच्या खांबांची रांग आत आत जायची. कडेला जागा मिळाली तर सगळे खांब दारू प्यायल्यासारखे एका बाजूला कललेले. पडदा सोडला की खालची काठी आधी धप्पकन टेकायची, मग महाल हळूहळू स्थिर व्हायचा. आता मागे एलईडीची भिंत असते. वनवासाच्या प्रवेशात पानं हलतात, पाखरं उडतात, आणि लोक सीतेऐवजी पाखरांकडे बघतात. मंडळांचा हिशेब चुकीचा नाही. पडदे ठेवायला जागा नको, न्यायला टेम्पो नको, पावसात बुरशी नाही, एका बटणावर दहा महाल. तुझ्या बाबांना कुणी कामावरून काढलं नाही. एका वर्षी चार पडद्यांचं काम आलं, पुढच्या वर्षी एकाचं, नंतर कुणी फिरकलंच नाही. "आता नको" एवढं सांगायलाही कुणी आलं नसणार.

अशा माणसासमोर तू लॅपटॉप ठेवलास आणि एका साच्यातून शंभर निघतील म्हणालीस. त्यांना तुझा गणपती दिसलाच नसेल. ज्या स्क्रीनने एक कला नेली ती आता घरात आली, आणि आणली कुणी तर मुलीने. हा राग नव्हे गं. रागावलेला माणूस माती मळायला जात नाही, दार आपटतो.

म्हणून चवथ होईपर्यंत वाद घालू नकोस. ऑफिसातून आलीस की तासभर चित्रशाळेत बस. माती मळ, पाटांवर खडूने नावं घाल, रंगाच्या वाट्या धू. धंद्याची गोष्ट काढू नकोस. आणि बसल्या बसल्या दोन गोष्टी बघ.

पहिली, डोळ्यांची आखणी. मी एकदा एका म्हाताऱ्या मूर्तिकाराशेजारी अख्खी संध्याकाळ बसले होते. बाकी सगळं काम गप्पा मारत चाललेलं. आखणीची वेळ आली तशी त्याने रेडिओ बंद करायला लावला, कुंचला ओठांत धरून टोक केलं, श्वास रोखला आणि आतल्या कोपऱ्यातून बाहेर एक रेघ ओढली. रेघ संपल्यावर श्वास सोडला. दुसऱ्या डोळ्याला पुन्हा तेच. बुबुळं त्याने मध्यावर नाही ठेवली, किंचित खाली ठेवली. मी कारण विचारलं, तर तो माझ्याकडे खुळ्यासारखा बघत राहिला. "देव चौरंगार बसतलो, म्हातारी सकयल बसतली. तो तिका पळोवंक नाका?" मखर उंचावर, डोक्यावर कांगलां-सुपाऱ्या-नारळांनी भरलेली माटोळी, म्हणजे टांगलेली चौकट, आणि आजी जमिनीवर पाटावर. देवाची नजर तिच्यापर्यंत यायला हवी. मोबाईलमधला गणपती समोर बघतो, कारण तो मोबाईल धरलेल्या माणसासाठी काढलेला आहे. तुझ्या ब्लेंडरमधल्या मूर्तीचे डोळे कुठे बघतात ते आजच उघडून पाहा. पैज लावते, समोर.

दुसरी गोष्ट वजनाची. स्क्रीनवर उचललेला हात युगानुयुगं तसाच राहतो. ओल्या मातीचा हात रात्रीतून खाली येतो. बाबांच्या मूर्तींना मागून बघ. आशीर्वादाच्या हाताखाली उपरण्याची एक घडी आणून टेकवलेली असेल, सोंडेचं टोक कुठेतरी पोटाला नाहीतर हाताला चिकटलेलं असेल, घोटे जाड असतील. आपण त्याला 'पारंपरिक घाट' म्हणतो. त्यातला बराचसा मातीचा हुकूम आहे.

तुझी मूर्ती लॅपटॉपातून बाहेर यायची असेल तर याच्यातून जावं लागेल. मित्राने प्रिंट काढून दिली तरी त्यावर थरांच्या बारीक रेघा असतात, त्या घासून काढाव्या लागतात. प्लास्टिकचाच साचा करून त्यात माती दाबलीस तर ती चिकटून बसेल, कारण प्लास्टिक पाणी शोषत नाही. प्लास्टरचा साचा पाणी पितो, म्हणून माती कडा सोडते आणि अलगद सुटते. म्हणजे प्रिंटवरून पुन्हा प्लास्टरचा साचा काढणं आलं, आणि त्याचे तुकडे कुठे पाडायचे, कुठल्या कोनात सोडवायचे, हे तुला येत नाही, मित्राला येत नाही, बाबांना येतं. शिवाय माती वाळताना आकसते. किती, ते तुमच्या शेतातल्या मातीवर अवलंबून. 10 सेंटिमीटरची पट्टी थाप, सावलीत वाळव, मोज. वाळल्यावर जेवढी भरेल त्याने 10 ला भाग, आणि तेवढ्या पटीने मूर्तीची मापं वाढव. हेही ते बोटांनी करत आले असतील, फक्त आकड्यात बोलले नसतील.

आठ दिवसांपूर्वी तू "बघा मी काय केलं" म्हणून गेलीस. आता "बाबा, हे साच्यातून सुटत नाही, तुकडे कुठे पाडू?" म्हणून जा. नाटक म्हणून नव्हे, खरोखरच अडून जा. अडशीलच.

शंभरचं मात्र डोक्यातून काढ. साचे तुमच्याकडे आजोबांपासून असणार, त्यामुळे साचा वाईट असं मी म्हणणार नाही. पण धड साच्यातलं आणि चेहरा हातचा, ही बाबांची विभागणी असेल तर तिला हात लावू नकोस. मोबाईल घेऊन आलेला माणूसही शेवटी दुसऱ्या कुणाकडे नसलेला गणपती मागत होता. त्याला शंभरातला एक देऊन काय मिळणार?

इथे एक चोरटी गोष्ट सांगते, ती बाबांना निदान विसर्जनापर्यंत सांगू नकोस. ज्याला आपण 'आपला जुना गणपती' म्हणतो त्याच्या रूपातही एका यंत्राचा वाटा आहे. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर आणले, आणि युरोपीय तैलचित्राच्या छाया-प्रकाशातले देव घरोघरी भिंतींवर गेले. पुढे कॅलेंडरं आली. आजोबांच्या चित्रशाळेत एखादं लटकत असेलच. त्या काळीही कुणीतरी म्हणालं असेल, ही लक्ष्मी नव्हे, ही तर बाई. तुझ्या बाबांच्या 'पैलवान'ची ती पणजी. आंजेलो द फोन्सेका हा गोव्यातल्या सांतइश्तेव बेटावरचा चित्रकार, त्याने येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवली तर आपल्याच लोकांनी नाकं मुरडली आणि तो पुण्याला जाऊन राहिला. देव कसा दिसावा यावरचं भांडण जुनं आहे, दोन्ही धर्मांत.

घरांचंही तेच. आपल्या डोक्यावरचं 'अस्सल गोंयकार' कौल मंगळुरी. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या लोकांनी 1865 मध्ये त्याचा कारखाना घातला. त्याआधी आपल्याकडे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, होती. मंगेशीच्या देवळाला घुमट आहे आणि पुढे सात मजली दीपस्तंभ. चर्चं बघितलेल्या, कदाचित बांधलेल्याही हातांचं ते काम, हे कमानी बघून कळतं. बाहेरचं येणं गोव्याला नवं नाही, बंदराचा मुलुख आहे हा. फरक आहे तो वेगाचा. पूर्वी कमान जहाजातून यायची ती कुणाच्या तरी आठवणीत, फार तर एखाद्या कागदावर. इथे आल्यावर ती चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात, बसवायची कशी हा प्रश्न मेस्त्रीपुढे पडायचा. चिरा कोरायला ओबडधोबड, म्हणून वर चुन्याचा गिलावा. काच महाग, म्हणून शिंपल्यांची तावदानं. पाऊस तिरका, म्हणून छपराची वळचण लांब. दोन पिढ्या मेस्त्र्यांच्या हाताखालून गेल्यावर ती कमान आपली झाली. आज फाइल सेकंदात येते आणि कुणाचाही हात न लागता थेट प्लॉटवर उभी राहते. तुला फसवल्यासारखं वाटतं ते याचंच असावं. पोर्तुगीज म्हणून विकलं जाणारं ते घर पोर्तुगालात सापडणार नाही, आणि खरं तर गोव्यातही नाही. जुनी घरं बांधली इथल्या मेस्त्र्यांनी, इथल्या मालकांसाठी. बलकांव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी काय आणि राजांगण म्हणजे घरातला चौक काय, दोन्ही इथल्या हवेने आणि इथल्या शेजाराने घडवलेली.

मी स्वतः काय दिवे लावले तेही सांगते. ऑटोकॅड हे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर निघालं 1982 मध्ये, आमच्या ऑफिसात पोचलं नव्वदीत. तोवर आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने ओढायचो, चुकलं की ब्लेडने खरवडायचो, अमोनियाच्या प्रिंटांनी डोळे चुरचुरायचे. कॉम्प्युटर आला आणि मी हवेत. एका परदेशी मासिकातली खिडकी उचलली, भिंतीशी सपाट, वर छज्जा नाही, कसली देखणी रेघ. कॉपी-पेस्ट करून बंगल्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर आठ लावल्या. मेस्त्री म्हणाला, "बाय, हांगा पावस आडवो येता." मी त्याला ड्रॉइंग दाखवलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घरमालकीण बाईंचा फोन आला, शिव्या नाहीत, ओरडा नाही. म्हणाल्या, "एकदा येऊन जा." गेले. आठ खिडक्यांखाली आठ भांडी मांडलेली. परात, टोप, तांब्याची घागर, नातवाचं टब. प्रत्येकाचा आवाज वेगळा. बाईंनी मला चहा दिला आणि त्या संगीतात बसवून ठेवलं. पुढच्या वर्षी खिडक्यांवर पत्रे लागले आणि माझी देखणी रेघ त्याखाली गेली.

थ्रीडी व्ह्यूमध्ये पाऊस पडत नाही. तिथे कायम डिसेंबरची संध्याकाळ असते, पोहण्याच्या तलावात दिवे लागलेले, माड शांत. म्हणून सपाट गच्ची छान दिसते, आणि म्हणूनच गोवाभर गच्च्यांवर नंतर चढवलेली पत्र्याची छपरं दिसतात. तो प्रत्येक पत्रा कुणाच्या तरी न काढलेल्या पावसाची दुरुस्ती आहे.

तर नोकरी आताच सोडू नकोस. तिथे बसून जे करता येईल ते आधी करून बघ. पुढच्या व्हिलाचा व्ह्यू काढशील तेव्हा मागितला नसला तरी एक पावसाळ्यातला काढ. करडं आभाळ, तिरका पाऊस, ओली भिंत. सोबत भिंतीचा एक उभा छेद, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बाण घालून. मग मॉडेलला पणजीचे अक्षांश-रेखांश दे आणि मे महिन्यातल्या दुपारी बाराची सावली टाक. एक गंमत दिसेल. आपण साधारण साडेपंधरा अंशांवर आहोत, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दहा तारखेच्या आसपासपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. दिल्लीत असं कधीच होत नाही. तिथलं घर मनात धरून 'उत्तरेला काच सुरक्षित' म्हणत जो मोठी काच लावतो, त्याला मेच्या उन्हात ती पडद्याने झाकावी लागते. हे साहेबांसमोर ठेवताना संस्कृती, ओळख, वारसा हे शब्द तोंडातून काढू नकोस. गळती, एसीचं बिल, दोन वर्षांनी येणारी तक्रार, हे बोल. ते शब्द त्यांना लगेच कळतात. दोनदा सांगूनही नाहीच ऐकलं, तर मग दुसरीकडे बघायला लाग. जुनी घरं दुरुस्त करणाऱ्यांना नीट मोजणारी आणि नीट काढणारी माणसं लागतात.

आणि सुट्टीच्या दिवशी पणजीत कांपालला कला अकादमीत एक चक्कर मार. तिचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया मिशिगन आणि एमआयटीत शिकलेले, जगभर कामं केलेले, मूळ गोव्याचे. मांडवीकाठी त्यांनी उंच काहीतरी उभारलं नाही. लांब, बसकी, चिऱ्याची इमारत केली, रस्त्यावरून आत शिरून माणूस नदीपर्यंत चालत जाईल अशी. आणि आतल्या नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या रेषांतले प्रेक्षक बसवले, जुन्या थिएटरातल्या सज्जांत, म्हणजे नाटकाला चारच माणसं आली तरी नट एकटा पडत नाही. बघताना डोकं वर करून छत आणि खाली वाकून पाण्याच्या वाटा बघ, फोटो नंतर.

दहा वर्षांनी काय उरेल, विचारतेस. खरं सांगू? तुमच्या घरातल्या दोन कामांपैकी यंत्र आधी कशावर हात टाकेल तर तुझ्या. व्ह्यू काढणं हे आजच मिनिटांचं काम होत चाललंय. रेघोटी मारून दिली की झगमगीत चित्र हातात. चिकण माती मळून, आकसणं ओळखून, म्हातारीकडे बघणारा डोळा आखणं त्याला अजून लांब आहे. बाबांना मदत करायला निघालीस खरी, पण शिकायची निकड तुला जास्त आहे. तरी चित्रशाळेवर घर चालवायचा बेत आज करू नकोस. हंगामी पैसा आहे, बाबा त्या पैशात कसे भागवत आले ते आईला विचार. सध्या पगार तुझा आणि चवथ त्यांची, असंच चालू दे.

एक काम मात्र यंदाच कर. साच्यांची आणि पूर्ण मूर्तींची नोंद. ढगाळ दिवशी, सारखा उजेड असताना, प्रत्येकाभोवती फिरत साठ-सत्तर फोटो काढ, शेजारी फूटपट्टी ठेवून. त्यावरून त्रिमिती मॉडेल करणारी मोफत सॉफ्टवेअरं आहेत, मेशरूम त्यातलं एक. आपल्याच लॅपटॉपवर चालतं, फोटो कुठे अपलोड करावे लागत नाहीत, आणि करूही नकोस. पॅरिसचं नोत्र-दाम 15 एप्रिल 2019 ला जळालं तेव्हा अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने काही वर्षं आधी लेझरने घेतलेली मापं कामाला आली. पण छपराचे ओकचे वासे सुतारांनी कुऱ्हाडीने तासले, जुन्या रीतीने, आणि डिसेंबर 2024 मध्ये दारं उघडली. मापं यंत्राची, तासणं हाताचं. बाबांना ही गोष्ट सांगायला हरकत नाही, ही त्यांना आवडेल.

हक्कांचं थोडक्यात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने चित्र, मूर्ती, वास्तूचा आराखडा, सगळ्यांना संरक्षण आहे, नोंदणी नसली तरी. मूर्तिकाराच्या हयातीनंतरही 60 वर्षं. म्हणून बाबांच्या कच्च्या रेखाटनांवर तारखा घालून ठेव. मात्र एकाच घाटाच्या पन्नासच्या वर यांत्रिक प्रती काढायच्या झाल्या की डिझाइन कायदा मध्ये येतो, तेव्हा आधी वकिलाला विचार. आणि नोकरीत असताना ऑफिससाठी काढलेलं काम, करारात वेगळं नसेल तर, साधारणपणे ऑफिसचं असतं. म्हणून गणपतीची फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडू नकोस.

आखणीचा व्हिडिओ काढायची परवानगी बाबा देतील, पण पहिल्या दिवशी नाही. दिली की मोबाईल आडवा धर, स्टँडवर ठेव, हातात नको. ट्यूबलाइट त्यांच्या डाव्या बाजूला घे, नाहीतर उजव्या हाताची सावली नेमकी रेघेवर पडेल. ते डावरे असतील तर उलट. आणि रेडिओ बंद कर.